वर येणारा चिखल वाचा: नव्या साइट इंजिनिअरसाठी जेट ग्राउटिंग

जेट ग्राउटिंगच्या साइटवर पहिल्या दिवशी गेलात तर दिसतं एवढंच: एक रिग, जमिनीत गेलेला रॉड, बाजूला घोंघावणारा पंप आणि बोअरच्या तोंडातून भदाभदा बाहेर पडणारा राखाडी चिखल. खरं काम पंधरा-वीस मीटर खाली चाललेलं असतं आणि ते कोणालाच दिसत नाही. पाइलिंगमध्ये निदान केज उतरताना दिसते, काँक्रीट किती गेलं ते मोजता येतं. इथे खाली काय चाललंय हे त्या क्षणी सांगणाऱ्या गोष्टी दोनच, पंपाचे आकडे आणि तो चिखल. नवीन मुलं आकड्यांच्या स्क्रीनसमोर जाऊन बसतात. मी त्यांना आधी आठवडाभर चिखलापाशी उभं करतो. हा लेखही त्याच क्रमाने वाचावा अशी इच्छा आहे.

हे नेमकं काय आहे

साध्या ग्राउटिंगमध्ये आपण मातीच्या फटींमध्ये सिमेंटचं पातळ मिश्रण शिरवतो. खडीत, जाड रेतीत ते शिरतं. बारीक वाळूत, गाळात, चिकणमातीत शिरत नाही, कारण सिमेंटचा कणच त्या फटीपेक्षा मोठा पडतो. जेट ग्राउटिंगमध्ये फट शोधायची नसते, मातीची घडीच मोडायची असते. रॉडच्या टोकाजवळ आडव्या नोझल असतात, भोक साधारण २ ते ५ मिलिमीटर. त्यातून ४०० बारच्या आसपास दाबाने ग्राउट सुटतं. ४०० बार म्हणजे चार किलोमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब. धार सेकंदाला २०० मीटरहून जास्त वेगाने निघते, माती कापते आणि तिच्यातच कालवली जाते. रॉड गोल फिरवत सावकाश वर ओढला की खाली माती-सिमेंटचा एक उभा खांब तयार होतो. त्यालाच आपण कॉलम म्हणतो. १९७० च्या सुमारास जपानमध्ये हे तंत्र आकाराला आलं आणि मग युरोपात पसरलं.

याची खरी ताकद कामाच्या सुरुवातीत आहे. जमिनीवर भोक जेमतेम वितीएवढं, आणि खाली हव्या त्याच खोलीत दीड-दोन मीटर व्यासाचा कॉलम. म्हणून जुन्या इमारतीच्या पायाखाली, दोन पाइलांच्या मधल्या फटीत, केबल किंवा जलवाहिनी आडवी आल्यामुळे डायाफ्राम वॉल (खोदाईआधी जमिनीत ओतलेली काँक्रीटची भिंत) जिथे नेता येत नाही तिथे, टनेल बोअरिंग मशीन शाफ्टमध्ये शिरते-निघते त्या तोंडाशी, आणि खोल खोदाईच्या तळाला पाण्याविरुद्ध बूच मारायला हे काम घेतात.

आधी माती बघा

सैल वाळू सगळ्यात सहज कापली जाते. मऊ गाळ आणि मऊ चिकणमातीही कापली जाते, पण कॉलम बारीक होतो आणि ताकद कमी मिळते. वाळूत दर चौरस मिलिमीटरला ५ ते १५ न्यूटन मिळण्यासारखे असतात, चिकणमातीत १ ते ५ मिळाले तरी समाधान मानावं. घट्ट चिकणमातीत धार फार लांब पोचत नाही. कुजक्या वनस्पतींचा थर असेल तर सिमेंट नीट धरत नाही. मोठे दगड असतील तर दगडाच्या पाठीमागे सावली पडते, तिथली माती तशीच राहते. आणि जाड खडीतून भूजल वेगाने वाहत असेल तर ताजं सिमेंट धुऊन जातं.

मुंबईच्या खाडीकाठी काम करणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. तिथे सर्वसाधारणपणे वर भराव, खाली काळा समुद्री चिखल, त्याखाली मुरूम आणि मग बेसॉल्ट असा क्रम येतो. धार चिखल कापते, खडक कापत नाही. त्यामुळे कॉलम आणि खडक जिथे भेटतात तो सांधा सगळ्यात कच्चा. बोअर खडकात किमान अर्धा मीटर उतरवायचं आणि जेटिंग तिथूनच सुरू करायचं, म्हणजे खडकाच्या माथ्यावरचा गाळ धुऊन निघतो. ‘खडक लागला’ असं ऑपरेटर म्हणतो ती खोली प्रत्येक बोअरला वेगळी असणार, ती रोज लिहून ठेवा. खडकाचा माथा कुठे खाली-वर आहे याचा तुमचा स्वतःचा नकाशा त्यातूनच तयार होतो.

बोअरहोलचा रिपोर्ट वाचताना एसपीटीचे आकडे (ठोके मारून घेतलेला मातीच्या घट्टपणाचा अंदाज), भूजलाची पातळी आणि पाण्यातले सल्फेट-क्लोराइड बघा. खारं पाणी असेल तर स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट घेणं शहाणपणाचं, फक्त त्याची ताकद सावकाश येते हे वेळापत्रकात धरायचं.

कोणती पद्धत

तीन आहेत. पहिल्या पद्धतीत नुसतं ग्राउट कापतं आणि मिसळतं. कॉलम साधारण ६० सेंटिमीटर ते १ मीटर. दुसरीत ग्राउटच्या धारेभोवती हवेचं वेष्टण असतं. पाण्याखाली नुसती धार लवकर दमते, हवेच्या वेष्टणातली लांब जाते. व्यास १ ते १.८ मीटर. तिसरीत कापायचं काम हवेत गुंडाळलेली पाण्याची धार करते आणि ग्राउट खालच्या नोझलमधून कमी दाबाने भरलं जातं. २ मीटरच्या पुढेही जाता येतं. तिसरीत माती जास्त प्रमाणात बाहेर काढली जाते, म्हणून घट्ट मातीत ती बरी. पण रॉड, पंप, होज सगळंच तिपटीने सांभाळावं लागतं. नव्या टीमने दुसऱ्या पद्धतीवर हात बसवावा असं माझं मत आहे.

मांडणी: कागदावरचा व्यास आणि जमिनीतला ओळंबा

इथे घाई करू नका. तळाचं बूच मारायचं आहे, कॉलम १.५ मीटर व्यासाचे, त्रिकोणी मांडणी. तीन कॉलमच्या मधोमध भोक राहू नये यासाठी दोन केंद्रांतलं अंतर व्यासाच्या ०.८६६ पट, म्हणजे १.३ मीटर चालतं, असं भूमिती सांगते. भूमिती बरोबर आहे, पण जमिनीत रॉड ओळंब्यात जात नाही. १५ मीटरवर १ टक्का कललेला रॉड १५ सेंटिमीटर सरकलेला असतो. तिन्ही कॉलम एकमेकांपासून लांब कलले तर?

१.१ मीटर अंतर धरा. मधला बिंदू प्रत्येक केंद्रापासून ६३.५ सेंटिमीटरवर येतो. त्यात सरकलेले १५ मिळवले की ७८.५. कॉलमची त्रिज्या ७५. म्हणजे साडेतीन सेंटिमीटर कमी पडले आणि भोक राहिलं. अंतर १ मीटर केलं तर ५७.७ अधिक १५, म्हणजे ७२.७, आणि बूच बंद. कॉलमची संख्या मात्र २१ टक्क्यांनी वाढते. प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये हा २१ टक्क्यांचा खर्च कापायचा मोह होतो. कापायचाच असेल तर आधी रिगचा मास्ट प्रत्येक बोअरला दोन्ही दिशांनी स्पिरिट लेव्हलने तपासा, खोल बोअरमध्ये इन्क्लिनोमीटर सोडून खरा कल मोजा आणि तो आकडा मीटिंगमध्ये ठेवा.

दुसरी तपासणी उचलीची. पाणी अडवणारं बूच पाण्याच्या दाबाने अख्खंच्या अख्खं वर उचललं जाऊ शकतं. समजा भूजल २ मीटर खोलीवर, खोदाई ८ मीटरपर्यंत, आणि बूच १२ ते १५ मीटरमध्ये. बुचाच्या तळाशी १३ मीटर पाण्याचा दाब, म्हणजे चौरस मीटरला १३ टन वर ढकलतात. खाली दाबायला ८ ते १५ मीटरमधली सात मीटर माती आणि बूच, १.८ टनाने १२.६. हा हिशोब हरलेला आहे. तेच बूच १४ ते १७ मीटरवर नेलं तर १५ टनांविरुद्ध १६.२ टन उभे राहतात. तरीही फार ऐसपैस नाही. डिझायनरशी बोलून बूच खाली धरून ठेवणारे ताणाचे पाइल लागतात का ते बघावं लागेल.

ट्रायल कॉलम

‘मागच्या साइटवर रॉड ओढायला मिनिटाला २० सेंटिमीटरचा स्पीड चालला होता’ या वाक्यावर काम सुरू करू नका. मुख्य कामाच्या जवळ, तशाच मातीत तीन कॉलम करा, प्रत्येकाचा वर ओढण्याचा वेग वेगळा. आठवड्याने भोवतीची माती काढून टेपने मोजा. पाण्याच्या पातळीखाली उकरता येत नसेल तर एक साधी युक्ती आहे: केंद्रापासून ५०, ६५, ८० सेंटिमीटरवर रंग दिलेले लोखंडी पाइप आधीच जमिनीत उतरवायचे. धार पोचली असेल तिथला रंग खरवडून निघतो. जेटिंग चालू असताना पाइपच्या माथ्याला कान लावला तर धार आदळल्याचा आवाजही दर फेरीला येतो. ५० च्या पाइपला आवाज येतो, ८० च्या पाइपला येत नाही, एवढ्यावरून व्यासाचा पहिला अंदाज तिथल्या तिथे मिळतो. आणि हो, ट्रायलच्या वेळी वर आलेला चिखल कसा होता तेही लिहा. पुढे रोज त्याच्याशीच ताडून बघायचं आहे.

प्रत्यक्ष काम

ग्राउट आधी. पाणी आणि सिमेंट वजनाने सारखं घेतलं तर घनता १.५१ येते. मड बॅलन्स (घनता मोजायचा तराजू) घेऊन दर बॅचला तपासा. १.४३ आली तर पाणी सव्वापट झालेलं आहे, ती बॅच वापरू नका. मिश्रण चाळणीतून गाळल्याशिवाय पंपाकडे जाऊ देऊ नका. गोणीच्या कागदाचा नखाएवढा तुकडाही नोझल बंद करतो.

बोअर शेवटच्या खोलीपर्यंत न्या. पहिल्या पद्धतीत मग रॉडमधून पोलादी गोळी सोडतात, ती खालचं ड्रिलिंगचं तोंड बंद करते आणि प्रवाह आडव्या नोझलकडे वळतो. दाब पूर्ण चढेपर्यंत रॉड वर ओढायचा नाही, त्याच खोलीवर फिरवत ठेवायचा. मग ४-५ सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी वर.

आकडे एकदा हाताने काढून बघा. ३ मिलिमीटरच्या दोन नोझल, ४०० बार, तर मिनिटाला साधारण १७५ लिटर ग्राउट जातं. मिनिटाला २० सेंटिमीटर वर ओढलं तर एका मीटरला पाच मिनिटं आणि सुमारे ८८० लिटर, त्यात जवळपास १३ गोण्या सिमेंट. पाच मीटरच्या कॉलमला साडेचार घनमीटरच्या आत-बाहेर ग्राउट. संध्याकाळी रिकाम्या गोण्या किंवा सायलोचं वजन या हिशोबाशी जुळलं नाही तर काहीतरी चुकलेलं आहे.

पंपाचा प्रवाह तोच, पण दाब दिवसभरात हळूहळू उतरतोय? नोझल झिजली. ३ ची ३.३ मिलिमीटर झाली की ४०० चा दाब २७० च्या आसपास येतो. ऑपरेटर मग पंपाचा वेग वाढवून दाब ‘बरोबर’ दाखवतो. त्यात सिमेंट जास्त जातं आणि मिळालेला व्यास ट्रायलशी ताडता येत नाही. नोझल बदला. दाब एकदम उसळला तर नोझल तुंबली आहे. तेव्हा कॉलम तिथेच सोडून रॉड बाहेर काढावा लागतो; पुन्हा सुरू करताना थांबलेल्या जागेच्या किमान अर्धा मीटर खाली जाऊन सांधा घ्यायचा.

आता चिखल

रॉड आणि बोअरची भिंत यांच्यात जी मोकळी फट असते, तीच खालच्या दाबाची वाट. वर चिखल येतोय तोवर खाली फक्त धारेचा जोर आहे, जमिनीवर दाब नाही. चिखल थांबला की आत जाणारं ग्राउट कुठेतरी जाणारच.

खाडीकाठच्या एका साइटवर, रात्रपाळीला, माझ्यासमोर रिटर्न, म्हणजे वर येणारा चिखल, थांबला. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, येईल आत्ता.” मी पंप थांबवायला सांगितलं नाही. पाच-सहा मिनिटं गेली असतील. तेवढ्यात वॉचमन पळत आला, त्याच्या केबिनचं दार उघडेना. टॉर्च घेऊन गेलो तर केबिनसमोरचे पेव्हर ब्लॉक तंबूसारखे वर आले होते आणि दार त्यांत अडकलं होतं. मिनिटाला १७५ लिटर, सहा मिनिटं. एक घनमीटरभर ग्राउट जमिनीखाली सरकून तिथे पोचलं होतं. केबिनच्या जागी कोणाच्या घराची भिंत असती तर काय झालं असतं, हा विचार त्या रात्रीपासून सुटलेला नाही. तेव्हापासून नियम एकच: रिटर्न थांबला की लगेच पंप बंद, रॉड खाली-वर करून फट मोकळी करायची, आणि चिखल वाहायला लागल्यावरच जेटिंग. हा निर्णय घ्यायला साइटवरच्या सगळ्यात कनिष्ठ माणसालाही मुभा हवी.

चिखल येतोय एवढ्यावर मात्र समाधान मानू नका, तो कसला येतोय ते बघा. वाळूत काम चाललं असेल तर त्याची घनता ग्राउटपेक्षा जास्त हवी. ती उतरत उतरत १.५ वर आली, म्हणजे धार माती कापत नाही, आपलंच ग्राउट परत मिळतंय. काळ्या समुद्री चिखलात ही खूण कामाची नाही, कारण त्याची स्वतःची घनताच तेवढी असते. तिथे हातमोजे घालून मूठभर चिखल घ्या आणि बोटांत चोळा. एकजीव, गुळगुळीत लागला तर बरं. सुपारीएवढे काळे गोळे हाताला लागले तर माती कापली जातेय पण विरघळत नाहीये. ते गोळे कॉलमच्या पोटातही असणार. वेग कमी करा, किंवा आधी नुसत्या पाण्याने एक फेरी मारून मग ग्राउट घ्या.

प्रत्येक कॉलमचा एक डबा चिखल भरून, नंबर टाकून सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा दाबून बघा. सगळे डबे घट्ट होत आलेत आणि एकच ओला, तर त्या कॉलमवर रजिस्टरमध्ये लाल खूण. २८ दिवस वाट बघून क्यूबचा (ताकद तपासायच्या ठोकळ्याचा) रिपोर्ट येईल तेव्हा येईल. अंगठ्याने सांगितलेलं दुसऱ्याच दिवशी हातात असतं.

आणि तो जातो कुठे, हेही तुमचंच काम. जेवढं ग्राउट आत गेलं जवळपास तेवढाच चिखल बाहेर येईल असं धरून खड्डा आधीच खणून ठेवा. तो चुन्यासारखा तिखट असतो, गटारात किंवा खाडीत सोडला तर तिथलं जीवन जळतं आणि गटार आतून दगड होतं. रात्रभर घट्ट होऊ द्या, सकाळी एक्सकॅव्हेटरने उचलून डंपरने परवानगीच्या जागी न्या.

क्रम

ताजा कॉलम म्हणजे अजून पातळ पदार्थ. म्हणून शेजारी-शेजारी लागोपाठ करायचे नाहीत. एकाआड एक करा, मधले किमान एक दिवसाने. जुन्या पायाखाली काम असेल तर हा नियम आणखी कडक, कारण कॉलम घट्ट होईपर्यंत तेवढ्या भागात पायाला आधारच नसतो. अशा ठिकाणी जेटिंग चालू असताना सर्व्हेअरने लेव्हल लावून बसलंच पाहिजे.

माणसांची काळजी

४०० बारच्या होजच्या प्रत्येक जोडाला सेफ्टी साखळी. नोझल जमिनीवर तपासताना समोर कोणी नाही. रॉड तुंबला असेल तर आतला दाब सोडल्याशिवाय जोड उघडायचा नाही. धार कातडीत घुसली तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि माणूस म्हणतो, काही झालं नाही. त्याला त्याच मिनिटाला हॉस्पिटलमध्ये न्या आणि डॉक्टरांना ‘उच्च दाबाने सिमेंट आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट, कधी हातही जातो.

खोदाईच्या आधी आणि खोदताना

कोअर (तपासणीसाठी ड्रिल करून काढलेला गोल नमुना) काढताना कॉलमच्या मधोमध काढू नका, तिथे चांगलाच मिळणार. तीन कॉलम मिळतात त्या बिंदूवर काढा. बुचाची खरी परीक्षा मात्र पंपिंगची. खोदाईआधी आतलं पाणी उपसून पातळी खाली न्या, पंप बंद करा आणि आतली पातळी किती वेगाने चढते ते मोजा. बाहेरच्या पिझोमीटरमधली (भूजल मोजायच्या नळीतली) पातळी उतरत असेल तर बुचात किंवा भिंतीत वाट आहे. ती आत्ताच शोधा.

बूच आहे म्हणून आडव्या स्ट्रटांकडे (खोदाईच्या समोरासमोरच्या भिंतींना आधार देणाऱ्या तुळयांकडे) दुर्लक्ष करू नका. सिंगापूरला २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेजवळची मेट्रोची खोदाई कोसळली, चार माणसं गेली. तिथे मऊ समुद्री मातीत भिंतींना आधार म्हणून जेट ग्राउटचे थर होते. चौकशीत मुख्य दोष निघाले ते भिंतीवरचा भार कमी धरल्याचे आणि स्ट्रट जिथे टेकतात त्या जोडाच्या कमजोर डिझाइनचे.

खोदताना तळाशी पाझर दिसलाच तर आधी पाण्याचा रंग बघा. एका काचेच्या ग्लासात घ्या आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी नितळ राहिलं तर वेळ आहे: पाझरावर पाइप बसवून पाण्याला वाट द्या, भोवतीने बंद करा, आणि मग त्या पाइपमधून ग्राउट भरा. ग्लासाच्या तळाशी वाळू बसली तर बाहेरची जमीन आत येतेय. तेव्हा खोदाई थांबवा, माणसं वर काढा, पाझरावर गाळणीसारखी खडी आणि वाळूच्या गोण्या टाका. पाझर वाढतच असेल तर खड्ड्यात पाणी भरायला मागेपुढे बघू नका. आत-बाहेरची पातळी जवळ आली की वाहणं थांबतं, आणि दुरुस्तीचा कॉलम शांत पाण्यात करता येतो.